मागच्या गॅलरीतली कोठी

आमच्या स्वयंपाकघराला लागून मागे एक गॅलरी होती. गॅलरी म्हणजे काय, चार फूट रुंद, सात फूट लांब, एक लोखंडी ग्रिल, एक नळ आणि कोपऱ्यात वरच्या दोन मजल्यांच्या संडासांचा बिडाचा पाइप. डोंबिवलीतल्या त्या वेळच्या बिल्डिंगा अशाच. कुणाचा पाइप कुणाच्या घरातून काढलाय याला काही धरबंध नव्हता. स्वतःचा ब्लॉक मिळतोय म्हटल्यावर सासऱ्यांनी पाइपाकडे बघितलं नसणार. बघितलं असलं तरी बोलले नसणार, त्या घरात बोलायचं काम सासूबाईंचं.

या गॅलरीत मी लग्नानंतर दर महिन्याला चार दिवस बसलेली आहे.

हो, ‘बाजूला’ बसलेली आहे. फार जुनी गोष्ट नाही ही. घरात कॉम्प्युटर होता, माझ्या पर्समध्ये मोबाइल होता, मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. आणि संध्याकाळी घरी आले की कावळा शिवलेला असायचा. चटई वेगळी, उशी वेगळी, ताट-तांब्या वेगळा. दिवसभर त्याच अंगाने मी ऑफिसात सगळ्यांबरोबर डबा खाल्लेला असायचा, ते चालायचं. त्या चार दिवसांत पगार झाला तर त्याला मात्र विटाळ नसायचा. तो सासूबाई देवापुढे ठेवायच्या, कुंकू लावून.

नवऱ्याशी भांडले. एकदा नाही, चांगली दहा वेळा. तो म्हणायचा, “चार दिवस तर असतात. तेवढाच तुला आराम.” आराम! एकदा झोप म्हणावं त्या पाइपाशी डोकं करून. पहाटे वरच्यांनी फ्लश ओढला की माझ्या कानाशी ते सगळं गडगडत खाली जायचं. वरच्या आजोबांचं पोट बिघडलेलं मला त्यांच्या सुनेच्या आधी कळायचं. आणि जेवताना स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई माझ्या ताटात वरून पोळी टाकायच्या, हात लागू नये म्हणून वीतभर उंचावरून. कधीकधी पोळी ताटाबाहेर पडायची. मग ती मी उचलायची आणि खायची. शी! अजून आठवलं की जिभेला पाणी सुटतं, ओकारीचं.

हे सगळं कशाला उगाळतेय, तर माझी मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा माझी झोप उडाली म्हणून. माझं जे झालं ते झालं, पण ही त्या चटईवर बसणार नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. सासूबाईंनी अजून विषय काढलेला नव्हता. पण एकदा चटई धुऊन ग्रिलवर वाळत घालताना म्हणाल्या होत्या, “चांगली आहे अजून. उपयोगी पडेल.” माझं तेव्हा ऑपरेशन होऊन गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे उपयोगी कुणाला पडणार, ते कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

भांडून काही होत नाही हे एव्हाना मला कळलेलं होतं. मग डोकं चालवलं. बसायला जागाच ठेवली नाही, तर बसवणार कुठे? हॉलमध्ये टीव्ही, देव्हारा आणि येणारीजाणारी माणसं. बेडरूम एकच. उरली ही गॅलरी. ती एकदा खालपासून वरपर्यंत भरून टाकली की झालं.

भरायला निमित्त आयतंच होतं. आमच्याकडे अजूनही वर्षाचं धान्य भरतात. एप्रिल-मे आला की गव्हाची पोती, तांदळाची पोती, डाळी, चिंच, मिरच्या. तांदळाला बोरिक पावडर चोळायची, डाळींना एरंडेलाचा हात लावायचा, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा. आता खाली दुकानात सगळं मिळतं, दहा मिनिटांत घरी आणून देणारेही आहेत, पण सासूबाईंचं म्हणणं, घरात वर्षाचं धान्य नसेल तर ते घर कसलं. ठीक आहे, भरा. पण ठेवायचं कुठे? पलंगाखाली पिंपं, माळ्यावर पिंपं, कपाटाच्या मागे डबे, आणि त्या सगळ्यांच्या मधून सुखाने नांदणारी झुरळं. रात्री पाणी प्यायला उठलं की पायाखाली एखादं चिरडायचं. टोके पडलेलं धान्य निवडताना अळी बोटावर चढायची.

त्यात बाळकुमला राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या घराला नवीन टॉवरमध्ये ‘पॅन्ट्री’ होती. दार उघडलं की आपोआप दिवा लागायचा. सासूबाई तिथे जाऊन आल्या की आठवडाभर तेच. “आमच्या माहेरी कोठीची खोली होती, अगदी अश्शी. आमच्या आईशिवाय कुणाची हिंमत नव्हती आत पाऊल टाकायची.”

मी म्हटलं, “आई, आपणही करू या की. मागची गॅलरी बंद करून.”

त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, “बघ, शेवटी तुलाही घराची ओढ लागलीच.” मी मान हलवली. चटई मी त्याच दुपारी भंगारवाल्याला दिली.

मिस्त्री आला. ग्रिलला आतून शीट लावली, नळ बंद केला, तिन्ही भिंतींना कडाप्प्याचे कप्पे. पाइपाजवळ आला तेव्हा हाताने जरा ठोकून बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, याला प्लायचा बॉक्स करून टाकतो, वरून सनमायका. पाव्हण्यांना कळणारसुद्धा नाही इथे पाइप होता.” सासूबाई म्हणाल्या, छान. नवरा म्हणाला, छान. मीही म्हटलं, करा. मला कप्पे हवे होते, जमिनीपासून छतापर्यंत, एक चटईसुद्धा उभी राहू नये इतके. पाइप आतून कसा आहे हे आमच्यापैकी एकाही शहाण्याने विचारलं नाही.

धान्य आत लावायच्या आदल्या दिवशी सासूबाई गोमूत्राची बाटली घेऊन आल्या. मी कप्पे पुसत होते. त्यांनी सगळीकडे दोन-दोन थेंब शिंपडले आणि मी जिथे बसायचे त्या कोपऱ्यात मात्र उभं राहून अर्धी बाटली रिकामी केली.

मी विचारलं, “इथेच एवढं का?”

“अगं, इतकी वर्षं तू इथे बसायचीस ना,” त्या म्हणाल्या. “आता धान्य ठेवायचं, म्हणजे शुद्ध नको करायला?”

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. गॅसची शेगडी पुसावी तितक्या साधेपणाने. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर प्लायच्या मागे वरच्या दोन्ही मजल्यांची घाण वाहत होती, तिच्यावर त्यांनी एक थेंब टाकला नाही. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. मी फडकं तिथेच टाकून बाहेर आले.

कोठी मात्र देखणी झाली, खोटं कशाला बोलू. खाली पिंपं, वर डबे, त्यावर पापड-कुरडया, आणि सगळ्यात वर पाइपाच्या बाजूच्या कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधून. सासूबाई दिवसातून चार वेळा दार उघडून नुसतं बघायच्या.

आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मुलीला पाळी आली.

मी तयारीत होते. पदर खोचून, म्हणतात तशी. पण सासूबाईंनी मला भांडायची संधीच दिली नाही. त्यांनी तिला जवळ घेतलं, साजूक तुपातला शिरा केला, पोट शेकायला पिशवी आणून दिली. म्हणाल्या, “हे बघ बाळा, बाजूला-बिजूला बसायचं काही नाही हं. आम्ही काही जुन्या वळणाच्या नाही. घरात वाट्टेल तिथे फिर. फक्त तेवढं कोठीत जाऊ नकोस. लोणची-पापड असतात, नासतात.”

माझ्या हातातला कालथा हातातच राहिला. गॅलरी भरून मी माझ्या मुलीसाठी काय केलं होतं? त्या जागेला एक दार बसवून दिलं होतं. आधी बाईने त्या जागेत बसायचं असायचं, आता तिने त्या जागेत जायचं नव्हतं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

मी म्हटलं, “आई, काही नासत नाही. उगाच तिच्या डोक्यात काही भरवू नका.”

“मी कुठे काय भरवतेय? एवढ्याशा गोष्टीला तू लगेच...” आणि डोळ्यांना पदर. नवऱ्याने माझ्याकडे बघून हात जोडले. हे त्याचं नेहमीचं हात जोडणं. देवळातसुद्धा तो इतक्या मनापासून जोडत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “जा गं, लोणचं घेऊन ये.”

मुलीने आजीकडे बघितलं.

“तिच्याकडे काय बघतेस? मी सांगतेय ना. स्टूल घे आणि बरणीतून काढून आण.”

ती गेली. वाटीत लोणचं घेऊन आली. सासूबाईंनी त्या दिवसापासून लोणचं खायचं सोडलं. नवऱ्यालाही अचानक अ‍ॅसिडिटी झाली. नाकाने कांदे सोलणारी माणसं. मी आणि मुलगी दोघी खात होतो, चवीने. चार दिवस संपले, मग जुलै आला, पाऊस लागून राहिला, आणि लोणच्याकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही.

राखीपौर्णिमेला नणंद आली. नारळीभाताबरोबर लोणचं हवं म्हणून तीच उठून कोठीत गेली. आतून ओरडली, “ई! वहिनी, हे काय गं!”

बरणीवरचं फडकं काळं पडलं होतं. आत लोणच्यावर बोटभर बुरा, वर पांढरा, खाली हिरवट, केसाळ. आणि वास! मोरीत आठवडाभर भिजत पडलेल्या चिंधीसारखा. मी बघितलं, नवऱ्याने बघितलं. आणि मग सगळ्यांनी काय केलं? सगळ्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं. ती टेबलाशी उभी होती, हातात राखीचं ताट.

सासूबाई म्हणाल्या, “मी काही बोलत नाही हं.”

हे ‘मी काही बोलत नाही’ मी जन्मभर ऐकलंय. असं बोलण्यापेक्षा दोन शिव्या द्याव्यात.

नणंद म्हणाली, “वहिनी, आपण मानत नसलो तरी काही गोष्टींत तथ्य असतं. एनर्जी असते ती.”

मी विचारलं, “तुझ्या पॅन्ट्रीत तू जात नाहीस का त्या दिवसांत?”

“आमच्याकडे कुठे लोणचं घालतात? आम्ही विकतचं आणतो.”

ही एम.एस्सी. झालेली बाई. हिने माझ्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला, जिच्या वह्यांना ती स्वतः दर वर्षी कव्हरं घालून द्यायची, तिला, एनर्जी सांगितली. मला त्या क्षणी त्या लोणच्यापेक्षा त्या तिघांचा वास जास्त येत होता.

पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरत होते. मुलगी मागे येऊन उभी राहिली. मान खाली. म्हणाली, “आई, माझ्यामुळे झालं का गं?”

बारा वर्षांचं पोर ते.

मी ओल्या हातानेच खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि कोठीत शिरले. मला नक्की काय करायचंय ते माहीत नव्हतं. बरणी होती तिथली भिंत चाचपून बघितली तर हाताला गार, चिकट लागली. खालच्या प्लायला हात लावला, तो पोळीसारखा फुगलेला. मग मी बत्ता घातला. दोन घावांत सनमायका सुटला, तिसऱ्यात प्लाय, आणि आतून जे बाहेर आलं ते सांगू नये, पण सांगते. पाइपाचा जोड फुटलेला होता. त्यातून वरच्यांच्या संडासाचं पाणी झिरपून भिंत काळी झालेली, बॉक्सच्या तळाशी बोटभर गाळ, आणि त्यात झुरळं, जाडजूड, माजलेली, उजेड पडला तशी माझ्या हातावरून पळाली. खालच्या तांदळाच्या पिंपाचा तळ गंजून गेला होता. झाकण काढून मी हात खोल घातला तर खालचे तांदूळ पिवळे, गोळे झालेले, गोळा फोडला तर आत अळ्या. त्याच पिंपातले वरचे तांदूळ आम्ही रोज खात होतो. नारळीभातही त्याचाच झाला होता.

मुलीला ओढून आणलं. “बघ. नीट बघ. हे आहे. तू नाहीस, हे.” तिचा हात धरून भिंतीला लावला.

नाकावर ओढणी धरून ती म्हणाली, “हो गं आई. ओल आहे.”

मग सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, पदर नाकाला लावून वाकून बघितलं. “अगं बाई!” म्हणाल्या. मला वाटलं, आता तरी. आता तरी ही बाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवील. त्यांनी वाकून पिंपातले वरचे मूठभर तांदूळ उचलले, वास घेतला आणि म्हणाल्या, “वरचे चांगले आहेत की. दोन पाण्यांनी धुऊन उन्हात टाकले की झालं. अन्न आहे, असं टाकतं का कुणी?”

मी बेसिनशी जाऊन ओकले. खरोखर ओकले. मुलीचा हात लागलेलं लोणचं नासतं, आणि संडासाच्या पाण्यात भिजलेले तांदूळ उन्हात टाकले की शुद्ध होतात! या हिशोबाने माझी मुलगी कुठे बसते, ते मला कळलं. मला शिसारी आली सगळ्यांची. त्या घराची, त्यातल्या देवाची, त्या हात जोडणाऱ्या नवऱ्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी एक दाणासुद्धा घरात ठेवला नाही. नवरा पिंपं खाली नेता नेता पुटपुटत होता, बिल्डिंगमधले लोक आपापल्या गॅलरीत येऊन बघत होते, सासूबाई देवापुढे बसून रडत होत्या, लक्ष्मी बाहेर चालली म्हणून. चालू दे म्हटलं. वरच्यांशी दोन महिने वाद घालून शेवटी सोसायटीने पाइप बदलला, प्लॅस्टिकचा टाकला. भिंत खरवडून पुन्हा प्लास्टर केली. या वेळी मी पाइप उघडा ठेवला, सगळ्यांना दिसू दे. दिवाळीच्या आधी कोठी पुन्हा लागली. वर्षाचं नाही, महिन्याचं सामान. लोणचंही घरी घातलेलं नाही, विकतची बाटली.

मुलीशी मी बोलले होते, व्यवस्थित. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र काढून, बुरशी कशाने येते, पाळी म्हणजे काय, सगळं. तिला कळलं होतं. हुशार आहे ती. वर्गात बुरशीवर प्रोजेक्टसुद्धा तिनेच केला, ब्रेडचा तुकडा डब्यात ठेवून. त्या प्रोजेक्टला बक्षीस मिळालं तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परवाची गोष्ट. मी ऑफिसातून येऊन चहा टाकला होता. मुलगी क्लासवरून आली, भूक भूक करत. कोठीचं दार सताड उघडं होतं. ती दाराशी आली आणि बाहेरच थांबली. तिथूनच हॉलकडे बघून ओरडली, “बाबा, मला जरा खाकऱ्याचं पाकीट काढून द्या ना.”

आणि बाबा उठले. ज्यांनी आयुष्यात स्वतःचा पाण्याचा पेला उचलला नाही, ते टीव्हीसमोरून उठले, कोठीत गेले, पाकीट काढलं आणि तिच्या हातात टाकलं. वरून. हात न लावता. दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. म्हणजे हे आज पहिल्यांदा होत नव्हतं.

मी गॅस बंद केला. म्हटलं, “तू का नाही घेतलंस?”

“अगं, आज दुसरा दिवस आहे ना माझा,” ती पाकीट फोडत म्हणाली.

“मग? तुला माहितीये ना लोणचं कशाने नासलं ते? तू स्वतः हात लावून बघितलंयस ती भिंत.”

“हो, माहितीये. लीकेज होतं.” खाकऱ्याचा तुकडा मोडून तिने तोंडात टाकला. “पण तरी आई, रिस्क कशाला?”

अगदी सहज म्हणाली. आजीने गोमूत्र शिंपडलं होतं तितक्याच सहज. आजीला घाबरून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. तिला स्वतःलाच वाटत होतं की तिच्यात काहीतरी आहे, ज्यापासून विकतच्या लोणच्याची बाटलीसुद्धा जपायला हवी.

मी म्हटलं, “आत जा. माझ्यासमोर जा.”

ती हलली नाही. तिच्याकडे बघता बघता माझ्या पोटातून तीच मळमळ वर आली, बेसिनशी ओकले होते त्या दिवशीची. या वेळी ती सासूबाईंकडे बघून आली नव्हती. माझ्या पोटच्या मुलीकडे बघून आली होती. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. कारण तिने माझ्याकडे बघितलं, तिचं खाणं थांबलं, आणि ती दारापासून आणखी एक पाऊल मागे सरकली.